कुलूपसाहेबांची काठोकाठ टाकी

रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप संपवता संपवता कुलूपसाहेबांनी ठरवलं, की आज गाडीतल्या पेट्रोलच्या वासाचा काय तो निकाल लावायचाच. बिचाऱ्यांनी एवढंच ठरवलं होतं. त्यापायी मेहुण्याशी भांडण होईल आणि अख्खी बिल्डिंग त्यांच्याशी हात मिळवायला घाबरेल, असं तेव्हा त्यांच्या मनातही नव्हतं.

कुलूपसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. गोदाम बंद केलं की कुलूप ओढून बघायचे, चार पावलं जायचे, आणि परत येऊन पुन्हा ओढायचे. म्हणून कामगारांनी त्यांच्या माघारी हे नाव ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि (हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं) त्यांना ते मनातून आवडलंही होतं.

गाडी जुनी होती. लेक जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून याच गाडीतून घरी आणलं होतं. मागच्या सीटवर बायको, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली लेक, आणि पुढे कुलूपसाहेब इतक्या जपून गाडी चालवत होते, की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे निघून गेला होता. आता त्या लेकीला लेक झाली होती. बाळाने मान धरली की ती आईकडे राहायला येणार होती. नातीला स्टेशनवरून याच गाडीतून घरी आणायचं, हे कुलूपसाहेबांचं एकमेव स्वप्न होतं. बाकीची स्वप्नं त्यांनी केव्हाच आवरून ठेवली होती.

"माझी नात त्या रॉकेलच्या डब्यात बसणार नाही," बायकोने सांगून टाकलं.

"रॉकेल नाही गं, पेट्रोल आहे ते."

"मग तर मुळीच नाही. अहो, परवा गाडीतून कोबी आणला. तीनतीनदा धुतला, तरी भाजीला वास! तिला माझा भाऊ आणेल. नवी कोरी गाडी आहे त्याची. आणि ही विकून टाका आता. तो सांगत होता, त्याच्या ओळखीचा एक भंगारवाला आहे."

भंगारवाला! कुलूपसाहेबांनी कप खाली ठेवला. ते उठले आणि तडक खाली गेले.

वास आत होता, नक्की होता. पण तो कुठून येतो ते कळत नव्हतं. पुढे बसलं की मागून यायचा, आणि मागे बसलं की आणखी मागून. त्यांनी एकेक सीट हुंगली. पायपुसणी बाहेर काढून हुंगली. शेवटी जमिनीवर उताणे झोपून गाडीखाली डोकं घातलं. (जिन्यावरून उतरणाऱ्या दोन बायका त्यांचे नुसतेच पाय बघून घाबरल्या आणि तशाच परत वर गेल्या.) खाली एक थेंबसुद्धा सांडलेला नव्हता.

आता दुसरा कुणी असता तर गाडी बिघडली आहे, एवढंच म्हणाला असता. पण गोदामात जन्म काढलेल्या माणसाची अक्कल वेगळ्या रस्त्याने चालते. कुलूपसाहेबांचा अनुभव असा, की वस्तू कधी आपोआप कमी होत नाही, कुणीतरी ती नेतं. त्यांनी तिथेच, गाडीखाली पडल्या पडल्या, हिशेब जुळवला. वास येतो, म्हणजे पेट्रोल सांडतं. खाली तर काही सांडलेलं नाही. म्हणजे कुणीतरी टाकीतून पेट्रोल काढतं, काढताना घाईत गाडीवर सांडतं, आणि जाताना पुसूनही जातं.

"चोरी!" ते वर येऊन म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की बायकोला वाटलं लॉटरीच लागली.

"कोण चोरणार तुमचं पेट्रोल?"

"तेच तर शोधायचंय."

गोदामात त्यांची एक खास पद्धत होती, आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. फिनेलचं पिंप असो की ग्रीसचा डबा, ते सगळं काठोकाठ भरून ठेवायचे. मापं नकोत, दांडे नकोत. काठोकाठ भरलेल्या पिंपातून कुणी चमचाभर जरी काढलं, तरी झाकण उघडताक्षणी दिसतं. गाडीची टाकीही ते एरवी फुल्लच ठेवायचे, पण पंपाची नळी आपोआप बंद पडेपर्यंतच; आता तीसुद्धा काठोकाठ भरायची होती. गाडीचा पेट्रोलचा काटा तर विश्वासाचा नव्हताच. टाकीत काही असो वा नसो, तो कायम अर्ध्यावर उभा असायचा.

कोपऱ्यावरच पेट्रोलपंप होता.

"फुल्ल झाली साहेब. कट पडला," पंपवाला म्हणाला.

"अजून भर."

"अहो, वरती येईल."

"येऊ दे. मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

पेट्रोल अगदी तोंडाशी आलेलं दिसलं, तेव्हा कुलूपसाहेबांनी समाधानाने झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन खाली गेले. (टॉर्चचे सेल संपत आले होते. काडी पेटवून बघावं असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण तो आला तसा गेला म्हणून ही गोष्ट पुढे चालू आहे.) झाकण उघडलं. पेट्रोल चांगलं बोटभर खाली गेलं होतं! आणि वास तर असा, की डोळ्यांत पाणी यावं.

ते पुन्हा पंपावर गेले आणि पुन्हा काठोकाठ भरून आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर कमी, आणि वास कालच्याहून जास्त.

"चोर आता बेफिकीर झालाय," कुलूपसाहेबांनी बायकोला सांगितलं. "हात सैल सुटलाय त्याचा."

आता चोर ओळखायचा कसा? पेट्रोलचा वास हाताला लागला की साबणानेसुद्धा लवकर जात नाही, हे त्यांना गोदामामुळे ठाऊक होतं. तेव्हा ते बिल्डिंगमध्ये जो भेटेल त्याच्याशी हात मिळवू लागले. आजवर कुणाकडे मान वर करून न बघणारा हा माणूस जिन्यात, फाटकात, कचऱ्याच्या डब्यापाशीसुद्धा "काय, कसं काय?" करत हात पुढे करायचा, आणि समोरचा पाठमोरा झाला की हळूच आपला तळवा नाकाशी न्यायचा. पहिल्या मजल्यावरच्या वकिलांच्या हाताला लसणाचा वास होता. दूधवाल्याच्या हाताला कसलाच नव्हता, हे त्यांना जास्त संशयास्पद वाटलं.

मग वरच्या मजल्यावरचे ड्रॉइंगमास्तर भेटले आणि कुलूपसाहेबांनी दोनदा तळवा हुंगला. मास्तरांच्या हाताला वास होता, आणि चांगला झणझणीत. त्यातून मास्तरांकडे स्कूटर होती आणि ती पहिल्याच किकला सुरू व्हायची. इतक्या वर्षांत त्या गोष्टीचा संशय कसा आला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

"मास्तर, हाताला वास कसला हो?"

"येतोय का?" मास्तर लाजले. "टर्पेंटाइन. ऑइलपेंट करतोय सध्या."

"रोज?"

"रोज."

"आणि... बघायला मिळेल का मला?"

त्यांच्या चित्रांबद्दल आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी कुलूपसाहेबांना हाताला धरून वर नेलं आणि एकामागून एक सूर्यास्त दाखवायला सुरुवात केली. कुलूपसाहेबांनी प्रत्येक बाटली हुंगली. सगळ्या बाटल्यांत टर्पेंटाइनच निघालं. निघताना मास्तरांनी एक सूर्यास्त त्यांना भेट दिला. तो दिवाणखान्यात लावावा लागला, आणि तिथेही वास येऊ लागला.

"अहो, तुम्ही हात हुंगता म्हणे लोकांचे?" बायकोने त्याच संध्याकाळी विचारलं.

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत. वकिलीणबाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. मी काय सांगू? गाडी आधी गॅरेजला न्या बघू मुकाट्याने."

गॅरेजवाल्याला जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लगेच यायचं. त्याने बॉनेट उघडलं, डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "कार्ब्युरेटर."

"नुसत्या वासावरून?"

"कार्ब्युरेटरचा वास जरा गोडसर असतो. राहू दे गाडी आठवडाभर."

आठवड्याने गाडी मिळाली. वास नावालाही नव्हता! कुलूपसाहेबांना गॅरेजवाल्याला मिठी मारावीशी वाटली. मागच्या सीटवर कांद्याची सालं पडली होती, म्हणजे गॅरेजवाल्याने गाडी आठवडाभर बाजारहाटाला वापरली होती, पण त्या आनंदात त्यांनी तिकडे काणाडोळा केला. तिथून ते थेट कोपऱ्यावरच्या पंपावर गेले आणि टाकी काठोकाठ भरली. आता वास आलाच तर तो चोराचाच, म्हणजे चोर पकडायची चांगलीच सोय झाली होती.

सकाळी वास हजर.

"हा वेगळा वास आहे," गॅरेजवाला म्हणाला. "हा फिल्टरचा. थोडा तुरट लागतो."

फिल्टर बदलला. वास गेला. कुलूपसाहेबांनी टाकी काठोकाठ भरली. वास आला.

मग गाडीच्या आतला पेट्रोलचा पंप बदलला. मग इंजिनकडे जाणारी नळी बदलली. गाडी गॅरेजमध्ये असली की शहाण्या मुलासारखी वागायची, आणि घरी आली की घाण वास सोडायची. कुलूपसाहेबांना आता गॅरेजवाल्याचाही संशय येऊ लागला. हा एक रोग बरा करतो आणि जाताना दुसरा भरून देतो की काय? पण त्याच्याशी हात मिळवून उपयोग नव्हता. त्याचे हात सगळ्याच गोष्टींचे वास घेऊन बसलेले.

अशात लेकीचा फोन आला. बाळाने मान धरली होती. पुढच्या रविवारी ती येणार होती.

"मामाला सांगते हो स्टेशनवर यायला," बायको फोनवर म्हणाली, आणि कुलूपसाहेब खिडकीतून खाली गाडीकडे बघत राहिले.

मामा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच संध्याकाळी सगळं ठरवायला आला. आल्या आल्या नेहमीसारखा हसत म्हणाला, "काय दाजी, कशी आहे तुमची म्हातारी?" आणि त्याने हात पुढे केला.

सवयीने कुलूपसाहेबांनी तो हात हातात घेतला. सवयीनेच आपला तळवा नाकाशी नेला. आणि ते जागच्या जागी थिजले.

पेट्रोल! टर्पेंटाइन नाही, लसूण नाही, अस्सल पेट्रोल!

"तू?" ते एवढंच म्हणाले.

"मी काय?"

"घरातलाच निघाला! अगं, बाहेर ये, बाहेर ये! बघ तुझा भाऊ काय करतो ते! माझी गाडी बदनाम करायची, तिला भंगारात काढायची, आणि वर माझ्याच पेट्रोलवर स्वतःची गाडी उडवायची! लाज नाही वाटत?"

बायको पोळीचं पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. तिने आळीपाळीने दोघांकडे बघितलं.

"दाजी," मेहुणा शांतपणे म्हणाला, "माझी गाडी डिझेलवर चालते."

भिंतीवरचा सूर्यास्तसुद्धा जरा जास्त लाल झाल्यासारखा वाटला.

"मग हाताला वास कसला?" कुलूपसाहेबांनी किल्ला सोडला नाही. "त्याचं उत्तर दे."

"आत्ता खाली तुमच्या गाडीला हात टेकून बुटाची नाडी बांधली. मागे, टाकीच्या झाकणापाशी. ओलं लागलं हाताला. मला वाटलं, धुतली असेल तुम्ही." आणि मग त्याचाही आवाज चढला. "ताई, मी जातो. बाळाला आणायचं म्हणून अख्खा रविवार मोकळा ठेवलाय, आणि इथे मी चोर! आणा तुमची तुम्ही. त्या डब्यातून आणा, नाहीतर डोक्यावर बसवून आणा!"

आणि चहासुद्धा न घेता तो निघून गेला. तो असा कधी गेला नव्हता.

बायकोने ओरडाआरडा केला असता तर कुलूपसाहेबांना चाललं असतं. पण ती खुर्चीवर बसून हाताचं पीठ चोळून काढत होती आणि भिंतीकडे बघत होती.

"तुम्ही आज पेट्रोल भरलंत?" तिने शेवटी विचारलं.

"भरलं."

"काठोकाठ?"

"म्हणजे काय! त्याशिवाय कळणार कसं?"

"आणि गॅरेजमध्ये असते तेव्हा तो भरतो?"

"तो कसला भरतोय! वापरून संपवतो मेला."

"तेव्हा वास येत नाही."

"नाही."

"तुम्ही घरी आणून भरलीत की येतो."

"हो."

"अहो," ती म्हणाली, "मी दुधाचं पातेलं काठोकाठ भरून फडताळात ठेवते का?"

गोदामातली सगळी पिंपं कुलूपसाहेबांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. ती पिंपं एका जागी उभी असायची, हे खरं. त्यातल्या एकालाही चाकं नव्हती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने मागचं पत्र्याचं आवरण काढून बघितलं. झाकणापासून टाकीकडे जाणारा रबरी पाइप वरच्या अंगाला तडकला होता. टाकी अर्धी असली की पेट्रोल त्या भेगेपर्यंत पोचतच नसे. गळ्यापर्यंत भरली की भेगेतून पाझरायचं, पत्र्याच्या आतून पसरायचं, आणि जमिनीवर थेंब पडायच्या आत वाळून जायचं. चोर म्हणजे कुलूपसाहेबांची स्वतःचीच पद्धत होती, आणि ते रोज सकाळी टॉर्च घेऊन स्वतःच्याच मागावर निघत होते.

"मी म्हणालोच होतो," गॅरेजवाला म्हणाला. (तो काहीच म्हणाला नव्हता.) "पाइप मागवावा लागेल. जुनी गाडी आहे, वेळ लागेल. तोवर भरू नका वरपर्यंत. कमी ठेवा."

कमी ठेवा! माणूस संशय सोडतो तेव्हा श्रद्धेला लागतो. कुलूपसाहेबांनी कमी म्हणजे इतकं कमी ठेवलं, की पंपवाल्याने विचारलं, "लायटरसाठी हवंय का, साहेब?" आठवडाभर दारं उघडी ठेवून त्यांनी गाडी उन्हात तापवली, सीटा पुसल्या. वास गेला. शनिवारी बायकोने स्वतः येऊन मागच्या सीटवर बसून बघितलं. डोळे मिटून तीनदा श्वास घेतला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आणा तुमच्या गाडीतून. पण आधी माझ्या भावाला फोन करा."

त्यांनी केला. माफी मागताना फार चाचरले. मेहुणा मनाने मोकळा होता. "राहू दे दाजी," तो म्हणाला. "फक्त यापुढे मी हात मिळवणार नाही, लांबूनच नमस्कार करणार."

रविवारी स्टेशनवर लेक उतरली. बाळ झोपलेलं होतं. कुलूपसाहेबांनी मागचं दार असं उघडलं, जणू पालखीच उभी केली होती. लेक आणि बायको मागे बसल्या, बाळ आजीच्या मांडीवर. लेक म्हणाली, "बाबा, गाडीला अजिबात वास नाही हो!" कुलूपसाहेब पूर्वीसारखेच जपून गाडी चालवू लागले. एक सायकलवाला पुढे गेला, तरी त्यांनी जाऊ दिला.

स्टेशनचा पूल उतरल्यावर गाडीने एक उचकी दिली. मग दुसरी. मग ती अतिशय सभ्यपणे रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

काटा अर्ध्यावर होता. कुलूपसाहेबांनी खाली उतरून झाकण उघडलं आणि आत नाक घातलं. वास खरोखरच नव्हता. वास यायला आत काही उरलंच नव्हतं.

"भावाला फोन करू?"

"नको!" ते जवळजवळ किंचाळले. "तो काय आणणार, डिझेल? मी आत्ता आणतो. हलू नका तुम्ही."

पंप लांब होता. डबा मिळाला तो बुचाशिवायचा. परत येताना त्यांनी बसला हात केला. कंडक्टरने डबा बघितला, त्यांच्याकडे बघितलं आणि घंटी मारली. मग ते पळत निघाले. प्रत्येक पावलाला पेट्रोल डचमळून पँटवर येत होतं. गाडीपाशी पोचले तेव्हा बाळ जागं झालेलं होतं आणि रडत होतं. नरसाळं नव्हतं. वर्तमानपत्राची सुरळी करून त्यांनी पेट्रोल ओतलं. त्यातलं बरंचसं टाकीत गेलं, उरलेलं बाहीतून कोपरापर्यंत आलं.

लेकीने पुढे बसून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली! इंजिनाच्या त्या घुरघुरीसरशी बाळाचं रडणं थांबलं, आणि त्याने चक्क हसून दाखवलं. कुलूपसाहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि मोठ्या अभिमानाने पुढचं दार उघडलं.

नातीने नाक मुरडलं आणि ती शिंकली.

"थांबा, थांबा!" बायको ओरडली. "तुम्ही कुठे बसताय? अहो, स्वतःचा वास घेतलात का? गाडीला नाही एवढा तुम्हाला येतोय!"

"पण..."

"बाळ आहे आत. लेक चालवेल गाडी. तुम्ही या मागून चालत, जरा वारं लागू दे अंगाला."

"बाबा, हळू चालवते हो," लेक म्हणाली.

दार बंद झालं. मागच्या काचेतून आजीने नातीचा इवलासा हात धरून हलवला. आपली नात आपल्याच गाडीतून आपल्याच घरी चालली आहे, हे कुलूपसाहेबांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून डोळे भरून बघितलं. गाडी वळणावर गेली तसा त्यांनीही निरोपाचा हात उंच केला.

त्या हातात टाकीचं झाकण होतं.